दाराच्या अलीकडची जागा

घर पाहावयास आलेल्या मनुष्याला यजमान दिवाणखाना दाखवितो, स्वयंपाकघर दाखवितो, क्वचित गच्चीवरही नेतो. परंतु त्या मनुष्याचा घराशी जो पहिला व्यवहार होतो तो रस्ता आणि उंबरठा यांच्या दरम्यान जी काही पाचदहा पावलांची भूमी असते तिच्यावर केव्हाच उरकलेला असतो, आणि आपण येथे हवेसे आहोत की नकोसे याचा निवाडा यजमानाने तोंड उघडण्यापूर्वीच त्या भूमीने देऊन टाकलेला असतो. प्रवेशभाग स्वागतशील असावा व त्याला स्वतःचा चेहरा असावा, हे तत्त्वतः सर्वांनाच मान्य आहे. मात्र स्वागत नेमके कशाने घडते आणि चेहरा येतो कोठून, असे विचारले की उत्तरे कुंड्या, तोरणे आणि भिंतीचा रंग यांच्यापलीकडे सहसा जात नाहीत. प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार गोंदिया जिल्ह्याच्या हद्दीत राहून करावयाचे योजिले आहे. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या काढलेल्या या आठ तालुक्यांच्या मुलखात कोहळी, पोवार, कुणबी, गोंड, हलबा अशा निरनिराळ्या समाजांची घरे, मालगुजारांचे जुने वाडे, रेल्वेच्या आश्रयाने वाढलेल्या बाजारपेठेतील माड्या, पगारदारांचे बंगले आणि शासकीय घरकुले हे सारे प्रकार एका दिवसाच्या प्रवासात नजरेखालून जातात, आणि त्यांची परस्परांशी तुलना करण्यास अभ्यासकाला फार लांब जावे लागत नाही.

माझे मत आरंभीच नोंदवून ठेवतो. ज्या घराच्या दाराअलीकडे आल्यागेल्या माणसाला कोणाची परवानगी न विचारता टेकता येते, ते घर स्वागतशील. आणि ज्या घरापुढे उभे राहूनच बोलावे लागते, त्याच्या चौकटीला कितीही नक्षी असली तरी ते तसे नव्हे. बाकीच्या सर्व गोष्टी या एका सोयीच्या मागून येतात.

गोंदियाचा मुलूख धानाचा आहे, आणि येथील हवामान घरधन्याला आळशी राहू देत नाही. वर्षाकाठी सुमारे बाराशे-तेराशे मिलिमीटर पाऊस, तोही बहुतांशी चार महिन्यांत; आणि नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांच्या आसपास. अशा ठिकाणी बाहेरच्या उन्हातून एकदम घरातल्या काळोखात शिरणे डोळ्यांना जितके जाचक, तितकेच धो-धो पावसात कुलूप उघडीत उभे राहणे अंगाला जाचक. त्यामुळे उघडे अंगण आणि बंद घर यांच्या दरम्यान अर्धे उघडे, अर्धे झाकलेले असे एक स्थान असणे ही येथे हौसेची बाब कधीच नव्हती. देशावर जिला ओसरी म्हणतात ती या झाडीपट्टीतील सपरी अशा गरजेतून घडली. आणि साग, येन, बिजा यांचे लाकूड, बांबू, माती व कुंभाराने भाजलेली कवेलू एवढेच साहित्य हाताशी असल्यामुळे तिचे रूपही ठरून गेले.

अर्जुनी-मोरगावच्या बाजूला अजून टिकून असलेली अशी एखादी सपरी जवळून पाहण्यासारखी असते. बांबूच्या ताटीचे कुंपण, त्यात एक सैलसर फाटक, फाटकातून आत आले की शेणाने सारवलेले अंगण, अंगणाच्या एका बाजूला तुळस आणि दुसऱ्या बाजूला वालाचा किंवा दोडक्याचा मांडव. आणि समोर दीड-एक फूट उंचीच्या जोत्यावर घराच्या संपूर्ण रुंदीची सपरी. तिचे लाकडी खांब दगडी तळखड्यांवर उभे असतात, कारण मातीत रोवलेल्या लाकडाला वाळवी धरते. खांबाचा जो भाग बसणाऱ्याच्या पाठीला लागतो तेवढाच काळा आणि गुळगुळीत झालेला असतो, आणि त्याच्याच वर, हात पोचेल अशा बेताने, पिशवी अडकविण्याची खुंटी असते. भिंतीचा खालचा हातभर पट्टा गेरूचा किंवा काळसर मातीचा, वरचा भाग चुन्यात नीळ कालवून दिलेला. छपराची वळचण इतकी खाली उतरलेली असते की उंच मनुष्याला मान लववल्याशिवाय आत येता येत नाही. या लवण्याचा संबंध कोणी नम्रतेशी लावतात, परंतु खरी गोष्ट अशी आहे की वळचण आणखी वर नेली तर मातीची भिंत पहिल्याच झडीत भिजून फुगेल. वळचणीच्या पागोळ्या जेथे पडतात तेथे शहाण्या घरधन्याने चपट्या दगडांची एक ओळ बसविलेली असते. ती नसली तर अंगणात चर पडतो, आणि उडालेल्या चिखलाने जोते रंगते.

या सर्व रचनेतील सर्वांत मोलाची गोष्ट कोणती असे विचारले, तर मी जोत्याच्या कडेकडे बोट दाखवीन. दीड फूट ही उंची मनुष्याच्या बसण्याच्या उंचीशी जुळते. आलेला मनुष्य चपला न काढता, आत न जाता, सपरीच्या कडेवर बसतो तेव्हा त्याचे पाय अंगणात असतात आणि बैठक घरात असते. त्याला पाहुणा म्हणावे की वाटसरू, हे ठरविण्याची घाई कोणालाच नसते. काम दोन शब्दांचे असेल तर तो तसाच उठून जातो; लांबणारे असेल तर पाय धुवावयास पाण्याचा लोटा येतो, मागून पिण्याच्या पाण्याचा तांब्या येतो, बाज पुढे सरकविली जाते आणि चुलीवर चहाचे आधण चढते. स्वागताची ही चढती श्रेणी घराच्या रचनेतच गोवलेली असल्यामुळे यजमानाला नाही म्हणण्याचा प्रसंग येत नाही आणि पाहुण्याला संकोच वाटत नाही. कोणत्याही फर्निचरविना, केवळ एका उंचीच्या अचूकपणामुळे, एवढे सौजन्य साधले गेले आहे.

सपरी रिकामी क्वचितच असते. आषाढ-श्रावणात पऱ्हे उपटून बांध्यांत रोवणी चालू असते तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली माणसे दुपारी घरी परततात, आणि त्यांना घरात शिरण्यापूर्वी पाय धुवावयास एक दगड, पाण्याचे एक भांडे आणि ओली घोंगडी टांगावयास एक वलन लागते. ही तिन्ही जेथे नसतील तो प्रवेशभाग या जिल्ह्यात कुचकामाचा समजावा. उन्हाळ्यात अंगणात मोहफुले वाळतात. जेथे बिडीचे काम चालते तेथे बायका मांडीवर सूप घेऊन, तेंदूच्या पानाचे कातरलेले तुकडे वळीत, सपरीच्या उजेडात तासन् तास बसतात. नातेवाईक बाई आली तर तीही सूप ओढून घेते, आणि हात व गप्पा दोन्ही चालू राहतात. विदर्भात जिला बंगई म्हणतात तो लाकडी झोपाळा सुस्थितीतील घरांच्या सपरीत टांगलेला असतो. दुपारच्या वेळी त्याच्या कड्यांची करकर ऐकू आली की घरात वडीलधारे मनुष्य जागे आहे, हाक मारावयास हरकत नाही, असे गल्लीला कळते.

सणावारी या जागेचे महत्त्व आणखी वाढते. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही अंगांस पळसाच्या डहाळ्यांचे मेढे ठेवण्याची रीत पूर्व विदर्भात आहे. दुसऱ्या दिवशी, पहाटेच्या अंधारात, घरातील रोगराईला व इडापिडेला पीडा वाहून नेणाऱ्या नारबोदीबरोबर निघून जाण्याची आज्ञा देत ते मेढे गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकतात, आणि त्याच दिवशी तान्ह्या पोळ्याची पोरे लाकडी बैल ओढीत दारोदार येतात. ज्या चौकटीतून सकाळी पीडा बाहेर घालविली, त्याच चौकटीपुढे संध्याकाळी शेजारच्या पोरांच्या हातावर खाऊ आणि पैसे पडतात. छत्तीसगडच्या बाजूला नव्या धानाच्या लोंब्यांची सुबक झालर गुंफून दारावर टांगण्याची चाल आहे. ती चिमण्यांसाठी असते, आणि दोनचार महिन्यांत चिमण्या ती रिकामी करून टाकतात. लग्नघरी अंगणात मांडव पडतो तेव्हा जांभळीच्या डहाळ्यांनी सपरीचा दर्शनी भाग झाकून जातो. या सर्व अलंकारांत एक समान धर्म आहे: ते वाळतात, गळतात, खाल्ले जातात, आणि पुढल्या वर्षी पुन्हा करावे लागतात. प्लास्टिकचे तोरण बारमाही टिकते हाच त्याचा दोष होय. ते एकदा लावले की दाराकडे पुन्हा कोणी पाहत नाही.

आता वाड्यांकडे वळू. मध्य प्रांताच्या इंग्रजी बंदोबस्तात मालगुजारांना गावाची मालकी मिळाली आणि १९५१ मध्ये ती संपुष्टात आली. मधल्या काळात कामठा, आमगाव यांसारख्या जमीनदारीच्या ठिकाणी आणि अनेक मालगुजारी गावांतून जे वाडे उभे राहिले, त्यांचे दर्शनी अंग सपरीचेच, पण फुगविलेले. भक्कम सागवानी दरवाजा, त्यात एकेक मनुष्य शिरेल अशी दिंडी, आतून लाकडी अडसर, दरवाजाच्या आत दोन्ही हातांस देवडीचे कट्टे, पुढे चौक, आणि चौकाला लागून लांब बैठक. या बैठकीत दिवाणजी दफ्तर मांडून बसे. लगानाची बाकी, तलावाच्या पाण्याची पाळी, धुऱ्याची तक्रार, सारे तेथेच चाले. ज्यांना आज माजी मालगुजारी तलाव म्हणतात त्या शेकडो तलावांची वहिवाट अशा बैठकांतून ठरत असे. वाड्याच्या प्रवेशद्वाराला चेहरा होता यात शंका नाही. कोरीव चौकट, पितळी कड्या, गणेशपट्टी यांनी तो अजूनही पाहणाऱ्याला थांबवितो.

परंतु येथे स्तुती आवरती घेतली पाहिजे. बैठकीच्या गादीवर कोणी बसावे, जोत्याच्या कडेवर कोणी टेकावे आणि चौकात उकिडवे कोणी बसावे, याचा दस्तुर कडक होता. किती जणांना तर फाटकाच्या आत पाऊल टाकण्याचीही मुभा नव्हती. रयतेला पायरीखाली उभे करणारी जोत्याची उंची आणि पाहुण्याला टेकू देणारी जोत्याची उंची, या दोहोंत फरक एखाद्या हाताचाच असतो; वाड्यांची जोती चार-चार फूट उंच का चढविली, याचे उत्तर पुराच्या भीतीत शोधण्याची तितकीशी गरज नाही. घरातील स्त्रियांची ये-जा मागच्या सांदवाडीतून होई आणि दर्शनी भागावर त्यांचा हक्क सणापुरता असे. साध्या घरांची सपरीही या भेदातून सर्वस्वी सुटलेली होती, असे म्हणवत नाही. जुन्या दर्शनी भागाचे गोडवे गाताना ही नोंद गाळणारा लेखक इतिहासाशी अप्रामाणिक ठरेल. आणि आज ती रचना नव्याने स्वीकारावयाची तर तिच्यातील कोणता अंश घ्यावयाचा, याचा विवेकही या नोंदीवाचून होणार नाही.

गोंदिया शहराची गोष्ट निराळी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नागपूर-छत्तीसगडकडील लोहमार्ग येथून गेला, पुढे जबलपूरकडे जाणारा अरुंद मार्ग येथून फुटला, आणि धान, लाकूड, तेंदूपत्ता यांच्या व्यापाराबरोबर मारवाडी, गुजराती, सिंधी अशी मंडळी येथे स्थायिक झाली. त्यांची घरे खाली पेढी आणि वर बिऱ्हाड अशा धाटणीची. तेथे प्रवेशभाग म्हणजे दुकानाचा ओटा. दिवसा त्यावर गिऱ्हाईक बसते आणि रात्री शटर पडले की शेजारी. माडीवर जाणारा जिना मात्र बहुधा अंधारा, उभा, आणि दोन घरांच्या फटीतून चढणारा. पाहुण्याला त्या जिन्याच्या तळाशी उभे राहून वर हाक मारावी लागते. गोंदियाच्या बाजारपेठेविषयी याहून अधिक सांगण्यासारखे या प्रश्नाच्या अंगाने काही नाही.

आपल्या सीमेबाहेर नजर टाकली तर या विषयात मनुष्यजातीने जागोजाग जवळजवळ एकच शोध लावलेला दिसतो. गोव्यातील जुन्या ख्रिस्ती घरांपुढचे बल्कांव आणि त्यातील समोरासमोरचे दगडी सोपे हे रस्त्यावरच्या माणसाशी बोलत बसण्यासाठीच असतात. तमिळ मुलखातील तिण्णै म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंचे कट्टे. वाटसरूने रात्री तेथे पाठ टेकावी अशी पद्धत होती. जपानी घरात गेन्कान नावाचा खोलगट भाग असतो, तेथे पादत्राणे काढून एक पायरी वर चढले की मनुष्य घरात आला. तेथे बसण्यापेक्षा शुचितेवर भर अधिक. अमेरिकेतील वास्तुविशारद ख्रिस्तोफर अलेक्झांडर आणि त्यांचे सहकारी यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘ए पॅटर्न लँग्वेज’ या ग्रंथात रस्ता व दार यांच्या दरम्यानच्या संक्रमणाला एक स्वतंत्र प्रकरण दिले आहे, आणि पुढे दारापुढच्या बाकाला दुसरे. प्रकाश, आवाज, पातळी आणि पायाखालचा पृष्ठभाग यांत थोडाथोडा पालट होत गेला म्हणजे मनुष्याचे मन रस्त्यावरची वृत्ती टाकून घरातली वृत्ती धारण करते, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. आमच्या सपरीने हे सारे पालट शेण, माती, कवेलू आणि वालाचा मांडव एवढ्यांत केलेले आहेत. फाटकापाशी मुरूम वाजतो, अंगणात सारवणावर पाऊल मऊ पडते, वळचणीखाली उजेड निम्मा होतो.

शास्त्राचा आधार हवा असणाऱ्यांसाठी वराहमिहिराचा उल्लेख करतो. सहाव्या शतकातील ‘बृहत्संहिते’त द्वारवेधाचा विचार आहे: दारासमोर वाट, झाड, कोपरा, विहीर वा खांब येणे तो अशुभ मानतो, पण लगेच अशी सवलत देतो की घराच्या उंचीच्या दुप्पट जागा मधे सोडली असेल तर दोष नाही. आजचे वास्तुतज्ज्ञ पहिला भाग सांगून दक्षिणा घेतात आणि दुसरा भाग सांगावयास विसरतात. वास्तविक त्या सवलतीतच खरे शहाणपण आहे. पुढे पुरेसे मोकळे अंगण असेल तर समोरचा खांब काय किंवा झाड काय, कोणाच्या अंगावर येत नाही. विदर्भातल्याच वर्धा जिल्ह्यात १९३६ पासून गांधीजी ज्या सेवाग्रामी राहिले, तेथील बापूकुटीही या संदर्भात पाहावी. माती, बांबू आणि कवेलू यांची ती वास्तू देशोदेशीच्या माणसांचे स्वागत करीत आली, आणि तिच्या दर्शनी भागात दाखविण्यासाठी म्हणून केलेली अशी एकही वस्तू नाही.

मग सपरी मागे का पडली? आळस किंवा परकीय अनुकरण हे उत्तर सोपे असले तरी अपुरे आहे. माकडांच्या टोळ्या कवेलूंवरून नाचतात आणि दरवर्षी पावसाळ्यापूर्वी छप्पर फेरावे लागते. फेरणारे कारागीर आता मिळत नाहीत, आणि लाकूड तर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेले. धानाच्या बांध्या आणि तलाव यांच्या शेजारात पावसाळी संध्याकाळी डास बसू देत नाहीत. सापाचे भय काल्पनिक नाही. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलालगतच्या गावांत तर रात्री उघड्या सपरीत निजण्याचे धाडस बिबट्याच्या भीतीने कोणी करीत नाही, आणि त्यांना दोष देणारा लेखक शहरात जाळीच्या दाराआड झोपत असतो. मोटारसायकल हे वाहन घरातील सर्वांत मौल्यवान वस्तू होऊन बसले; ते सपरीत चढले आणि माणसे खाली उतरली. या कारणांचा परिणाम म्हणजे लोखंडी ग्रिल. आरंभी खांबांच्या दरम्यान अर्धी जाळी, मग पूर्ण जाळी, मग चॅनेल गेट, मग त्याला कुलूप. आणि शेवटी गुळगुळीत टाइल्स लावलेली, पायपुसण्याखेरीज काहीही नसलेली एक पिंजऱ्यासारखी खोली, जिच्यातून यजमान बाहेरच्या मनुष्याशी गजांआडून बोलतो.

आमगाव, तिरोडा, गोरेगाव या गावांच्या वाढत्या वस्त्यांतून जे बंगले उभे राहत आहेत त्यांचा नमुना ठरलेला: उंच आवारभिंत, सरकते फाटक, मोटारीसाठी पोर्च, तीन फूट जोते, ग्रॅनाइटच्या पायऱ्या आणि स्टीलचा कठडा. मोटारीच्या स्वागताची येथे संपूर्ण तजवीज असते. पायी येणाऱ्याला मात्र मोटारीला वळसा घालून, निसरड्या पायऱ्या चढून, बेलचे बटण दाबून, दारात उभे राहावे लागते. चेहरा यावा म्हणून मग दारावर नक्षीचे फायबर, भिंतीवर दगडाच्या नकली पट्ट्या, आणि अलीकडे बैलगाडीचे जुने चाक रंगवून टांगण्याची टूम निघाली आहे. ज्या घरातील वडील मंडळींनी तीच गाडी हाकीत उन्हातान्हात धान बाजारात नेले, त्या घराने तिचे चाक शोभेसाठी विकत आणावे, याची मला गंमत वाटते. त्यापेक्षा आजोबांची बंगई अडगळीतून काढून दोन नव्या साखळ्यांवर टांगली असती तर खर्चही कमी आणि बसणारेही चार.

नव्याने बांधणाऱ्याने काय करावे, याविषयी येथील मिस्त्री आणि घरधनी यांच्याशी झालेल्या बोलण्यांतून काही गोष्टी मनाशी पक्क्या झाल्या आहेत. सपरीची खोली सहा फुटांहून कमी नसावी; सात असेल तर आडवी बाज टाकूनही जाणाऱ्याला वाट उरते. जोते उंच घेणे पुरामुळे वा मुरमाच्या भरावामुळे अपरिहार्य असेल, तर त्याच्या पुढे दीड फूट उंचीचा आणि तेवढ्याच रुंदीचा एक ओटा घराच्या लांबीने काढावा. तो पायरीचेही काम करतो आणि बैठकीचेही. पायरी सहा इंचांहून उंच नको. वृद्धांसाठी उतार करावयाचा तर एकास बारा हे प्रमाण पाळावे लागते, म्हणजे दीड फुटाच्या जोत्याला अठरा फुटांचा उतार. तो समोर घुसडण्याऐवजी आवारभिंतीच्या कडेने नेला तर अंगणही राहते. फरशी खडबडीत असावी: घासलेली चकचकीत टाइल जुलैत हातपाय मोडते, आणि साधी न घासलेली कोटा फरशी किंवा सिमेंटचा कोबा ते काम मुकाट्याने करतो. वळचण तीन फूट पुढे यावी. दार पश्चिमाभिमुख असेल तर ग्रिलऐवजी विटांची जाळीदार भिंत घालावी. केरळात लॉरी बेकर यांनी (१९१७–२००७) अशा जाळ्यांचा प्रघात पाडला, आणि त्यांतून वारा येतो, ऊन गाळून येते, आतला माणूस दिसतोही आणि दिसत नाहीही. डासांचे भय असेल तर सपरीचा निम्मा भाग जाळीने बंदिस्त करून निम्मा उघडा ठेवणे हा मधला मार्ग मला पटतो. सगळी सपरी बंद करण्याचे समर्थन बिबट्याच्या गावाखेरीज होऊ शकत नाही, आणि तेथेही दिवसा उघडता येईल असे दार ठेवता येते. दिवा दाराच्या वर न लावता बाजूला, खांबाच्या आड लावावा, म्हणजे आलेल्याच्या डोळ्यांवर झोत न येता त्याच्या पायाखालची जमीन दिसते. पावसाळ्यात पायाखालचे दिसणे फार गरजेचे असते. एक नळ आणि त्याखाली एक खडबडीत दगड, हे तर सर्वांत आधी.

चेहऱ्याचा प्रश्न यानंतर उरतो आणि तो आपोआप सुटत जातो. ज्या जागेत माणसे बसतात तिथे त्यांच्या वस्तू साचतात, भिंतीला त्यांच्या पाठीचे डाग पडतात, मुले खडूने रेघोट्या ओढतात, कोनाड्यात पानाचा डबा किंवा मोबाईलचा चार्जर येऊन बसतो. घरातील लेक-सुनांनी काढलेल्या रांगोळीला पुढे सारवलेले अंगण नसेल तर निदान चार हात लांब साधी, रंग न दिलेली कोब्याची पट्टी ठेवावी. सुबकपणाचा आग्रह धरणाऱ्या गृहसजावटकाराला हा पसारा खटकेल, आणि त्याचे खटकणे मी समजू शकतो. परंतु छायाचित्रासाठी आवरून ठेवलेल्या सपरीत पहिला मनुष्य टेकावयास कचरतो.

सर्वांत अवघड प्रश्न घरकुलांचा आहे, आणि जिल्ह्यातील दर्शनी भागाचे भवितव्य बंगल्यांपेक्षा त्यांच्यावर अधिक अवलंबून आहे. २०१६ पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट धरले आहे. त्यात सहा फूट खोलीची आणि बारा फूट लांबीची सपरी काढावयाची तर ७२ चौरस फूट, चौथ्या हिश्श्याहून अधिक, बाहेरच जातात. अनुदानाच्या रकमेत आतल्या दोन खोल्याच जेमतेम उभ्या राहतात, तेथे दाराअलीकडच्या जागेचा विचार कोण करणार? ग्रामविकास मंत्रालयाने आयआयटी दिल्ली आणि संयुक्त राष्ट्रांचा विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने ‘पहल’ या नावाने निरनिराळ्या प्रदेशांस अनुरूप अशा घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला. त्यातील किती तरी नमुन्यांना पडवी आहे. गावात मात्र दिसते ती बहुधा चौकोनी खोली, सपाट भिंत, मधोमध दार आणि दारावर योजनेचे नाव रंगविलेली पाटी. तरीही एखादे वर्ष लोटले की त्याच भिंतीला टेकवून चार बांबू आणि दोन टिनाचे पत्रे उभे राहतात, खाली बाज पडते, बाजेवर म्हातारी बसते, आणि गल्लीतील माणसे थांबू लागतात. सपरीची गरज शासनाच्या नकाशात नसली तरी लाभार्थ्याच्या अंगवळणी आहे, याला याहून दुसरा पुरावा नको.

पत्र्याच्या या सपरीला दोन व्याधी असतात: दुपारी ती भट्टीसारखी तापते, आणि जोते घराच्या भिंतीशीच संपत असल्यामुळे तिच्याखाली पावसाळ्यात चिखल होतो. पहिलीवर पत्र्याखाली बांबूची चटई किंवा वर तणसाचा थर हा उपाय लोक करतातच. दुसरी टळावी आणि छप्परही पुढे सहज बसावे यासाठी ग्रामपंचायतीच्या अभियंत्याने आरंभीच दोन गोष्टी सुचविल्या तर पुरे: दाराच्या वर पत्रा बसविण्यासाठी भिंतीत लोखंडी हूक सोडावेत, आणि पाया भरताना उरलेला मुरूम व दगड वाया न घालविता दारापुढे सहा फूट जोते वाढवून घ्यावे. छप्पर पुढच्या हंगामात, आधारभूत खरेदी केंद्रावर घातलेल्या धानाचे चुकारे हाती आल्यावर, घालता येते. बसणारी माणसे नुसत्या जोत्यावरही येऊन टेकतात.